मुलींची संतती घेतलेली नाही

सदतीस वर्षं शाळेत शिकवलेली मारित्ये पर्डी मुळातच तापट. निम्म्या अल्स्टर तालुक्याने तिच्या पट्टीचा मार खाल्लेला. पण १९११च्या त्या सकाळी छापखान्यातली कच्ची पानं हातात पडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्हान हेमरिक घराण्याची वंशावळ होती ती. हॉलंडहून अमेरिकेत आलेल्या मूळ पुरुषापासून एकेक नाव मारित्येने चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून उतरवलं होतं. बावीस वर्षं. हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची, दौत काखेत धरून ऊब द्यावी लागायची. जुन्या दोमिनींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण ते धर्मगुरू एक गोष्ट चुकवत नसत : बाळाच्या आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट.

आणि आता पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं, 'मुलींची संतती घेतलेली नाही.' हा नियम घराण्याच्या मंडळाचा, म्हणजे अध्यक्ष हार्मानस व्हान हेमरिकचा. मारित्येची आई व्हान हेमरिकांची लेक. ती 'पर्डीशी लग्न' एवढ्यावर संपली होती, आणि मारित्ये पुस्तकात कुठेच नव्हती. राबायचं हिने, मिरवायचं त्याने!

शनिवारी चर्चमागच्या हिरवळीवर घराण्याचा मेळावा भरला. दीडशे माणसं ओलीकूक, म्हणजे तळलेले गोड गोळे खात, सफरचंदाचं सायडर पीत बसली होती. तीन वीटभट्ट्यांचा मालक हार्मानस पुस्तकाला मंजुरी मागायला उभा राहिला, तशी मारित्ये काठी टेकत पुढे गेली.

"हार्मानस, हा नियम कशासाठी रे?"

"बाई, मुली परक्या घरी जातात. त्यांची पोरं त्या घरची. तुमचे आभार मानलेत की शेवटच्या पानावर."

"आभार घाल चुलीत. नियम सगळ्यांना सारखा ना?"

"अर्थात."

"मग ऐक. शाळेत कधी ऐकलं नाहीस, आज ऐक." तिने पिशवीतून वही काढली. "सतराशे अडुसष्ट. बाळ हार्मानस. आई, जानेत्ये व्हान हेमरिक. बाप..." तिने उघडी वही त्याच्यापुढे धरली. "जागा कोरी. दोमिनीने सोडली, भरायला कोणी आलं नाही. पोर आईच्याच आडनावावर वाढलं. तो तुझा पणजा."

"पुस्तकात तर तो जानेत्येचा भाऊ आहे!"

"मीच लिहिलं तसं. बावीस वर्षांत एकच खोटं लिहिलं मी, तुझी लाज राखायला. आणि त्यापायी त्या बिचारीचा मुलगा तिच्यापासून तोडला. मला माझीच चीड येते."

हार्मानसचा चेहरा त्याच्या विटांसारखा लाल झाला. "बाई, हे आपण नंतर बसून बोलू."

"नाही, इथेच आणि उभ्याने. लेकींची पोरं आत, नाहीतर तू बाहेर. घे मत."

माणसं आपापल्या पेल्यात बघत बसली.

पहिला हात वर गेला तो हार्मानसच्या थोरल्या मुलीचा. तिच्या मांडीवर सहा महिन्यांचं पोर होतं. त्याचं आडनाव व्हान हेमरिक नव्हतं, म्हणून तेही पुस्तकात नव्हतं. नाव मात्र तिने रिवाजाप्रमाणे आपल्या बापाचं ठेवलं होतं, हार्मानस.