टर्बोची सोयरीक

समस्त सोयरे-धायरे, भाऊबंद आणि आळीतल्या लहानथोरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की आमच्या सासऱ्यांच्या ट्रकला नवं इंजिन आणायचं की जुन्याच्याच अंगात बळ भरायचं, याचा निकाल लावण्यासाठी धुळे मुक्कामी बैठक योजली आहे. जावई या नात्यानं प्रस्तुत लेखकानं हजर राहायचंच आहे. त्याचं मत मात्र कोणी विचारणार नाही.

अशी दवंडी कोणी पिटली नव्हती, पण त्या आठवड्यात धरणगावी माझ्या सासरी वारं असंच होतं. नव्वद साल मागे पडून काही वर्षं झाली होती. आग्रा रोडवर टर्बोचे ट्रक नुकते दिसायला लागले होते. ते आले की आधी शीळ ऐकू यायची आणि वळून बघेपर्यंत मागचा दिवा दिसायचा.

माझ्या सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. ट्रकचे मालक तेच, ड्रायव्हर तेच. यावलकडची केळी भरायची आणि दिल्लीला उतरवायची, हा त्यांचा धंदा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या ट्रकमध्ये क्वचितच बसत, पण ट्रकबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असे. आणि मी जळगावला एका डाळमिलच्या ऑफिसात बिलं फाडत होतो. मिलमध्ये यंत्रं असतात, एवढ्या पुराव्यावर सासरी माझी गणना यंत्रातल्या जाणत्यांत झाली होती. मीही ती कधी खोडून काढली नाही. जावयाला फुकटचा मान मिळत असेल तर त्यानं तो घ्यावा, अशी आमच्याकडे रीतच आहे.

ट्रक इतका चालला होता, की किलोमीटरचा मीटर सगळे नऊ दाखवून एकदा शून्यावर आला, परत निघाला, आणि मग एके ठिकाणी थांबला तो थांबलाच. मोजून काही फायदा नाही असं त्याला वाटलं असावं. सपाटीवर गाडी झकास पळायची, पण चढ आला की रांगायची.

तिथंच घोडं अडलं होतं. केळी भरतात ती कच्ची, हिरवीगार. ती तशीच हिरवी दिल्लीला पोचली पाहिजेत. गाडी घाटात तासन्‌तास घुटमळली की ताडपत्रीखाली ऊब धरते आणि घड वाटेतच पिवळे पडायला लागतात. यावलचे केळीचे दलाल, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांनी भर बाजारात आबांना ऐकवलं होतं, "आबा, तुमची गाडी नव्हे, केळं पिकवायची खोली हाये ती! दसऱ्यापासून माल टर्बोवाल्यालाच. नाहीतर तुमी असं करा, माझ्या भाच्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हनून या."

आजूबाजूचे हसले. आबाही हसले. पण घरी येऊन ओट्यावर बसले ते जेवायलाही उठेनात. आबांनी तरुणपणी दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या होत्या. मालकानं हाक मारली की पळायचं, मालक झोपला की टायरं धुवायची. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा समोर उभ्या ट्रककडे बघत ते एवढंच म्हणाले, "जवाईबापू, दुसराना गाडीवर मी आते बसाव नही."

म्हणून धुळं गाठायचं ठरलं.

आग्रा रोडला लागून एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. आबांची गाडी त्यांच्याकडेच जायची. मिस्त्रींनी आम्हाला टर्बो समजावून सांगितला. इंजिन धूर सोडतं तो एरवी वाया जातो. टर्बोत तोच धूर एक लहानशी चक्की फिरवतो, आणि ती चक्की बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून जाळ जास्त, म्हणून जोर जास्त.

"म्हणजे लोहाराचा भाता," मी जाणत्याच्या आवाजात म्हणालो.

"भाता, पण छाती तेवढी पाहिजे ना, साहेब," मिस्त्री म्हणाले. "म्हाताऱ्याच्या तोंडात भाता लावला तर काय होईल?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो म्हातारा मीच सुचवला होता.

रस्ते दोन होते. जवळच एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे अपघातातल्या टर्बो ट्रकचं अख्खं इंजिन आलं होतं. तेच उचलून आपल्या गाडीत बसवायचं, हा एक. नाहीतर नुसता टर्बो आणि त्याच्या नळ्या घेऊन आपल्या म्हाताऱ्याला जोडायच्या. त्यात म्हातारा टिकला तर टिकला, नाहीतर घाटात छाती फुटून इंजिनही गेलं आणि धंदाही गेला.

आबांचं मन नव्या इंजिनावर बसलं होतं. भाऊंचा टोमणा त्यांना झोंबला होता. त्यांना आता सगळंच नवं हवं होतं. अक्का म्हणाल्या, "पाहीसन ये म्हणता? मग मी बी येस. सोयरीक पाहाले बाईमाणूस नको का?" आणि त्यांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केळीच्या पानात बांधून घेतल्या.

वाचकहो, मी आयुष्यात बरीच स्थळं पाहिली. एकदा स्वतःसाठी, बाकी दुसऱ्यांसाठी. पण त्या दिवसासारखा थाट कुठंच पाहिला नाही. व्यापाऱ्यानं इंजिनाला निळाभोर रंग दिला होता. वर झेंडूची माळ घातली होती. आम्हाला खुर्च्या, चहा, बिस्किटं. इंजिन लाकडी ओंडक्यांवर बसलेलं, खाली मान घातल्यासारखं. व्यापारी हात चोळत म्हणाला, "एकाच हातचं आहे, आबा. दुसऱ्या ड्रायव्हरनं बोट लावलेलं नाही. चाललंयसुद्धा किती थोडं!"

"अपघात कसा झाला?" मी विचारलं.

"ते ड्रायव्हरचं नशीब. इंजिनाचा काय दोष?"

"बरोबर," आबा म्हणाले. ते केव्हाच मुलाकडचे राहिले नव्हते.

"चालू करीसन दाखवा," अक्का म्हणाल्या. पूर्वी स्थळ पाहायला गेलं की मुलीला चार पावलं चालायला सांगत, त्याच सुरात.

व्यापाऱ्याच्या माणसानं बॅटरीच्या तारा जोडल्या. इंजिन निम्म्या फेऱ्यातच पेटलं. काय तो आवाज! गोड, भरदार, आणि त्यावर टर्बोची बारीक शीळ. आबांच्या चेहऱ्यावर असा काही भाव उमटला, की अक्कांनी पदर सावरला आणि मुद्दाम खाकरल्या.

"जवाईबापू, कसा शे आवाज?" आबांनी विचारलं.

"अप्रतिम," मी म्हणालो. मला विचारलं गेलं याचाच आनंद इतका होता, की मी चक्कीच्या आवाजालाही अप्रतिम म्हटलं असतं.

सुपारी फुटायचीच काय ती राहिली होती. आमच्यासोबत आलेले मिस्त्री इंजिनाभोवती फिरत होते. त्यांनी तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढलं, आत डोकावले, बोट घालून तेल चोळून पाहिलं, आणि झाकण हातात धरून व्यापाऱ्याशी बोलायला वळले. इंजिन चालूच होतं. इकडे अक्कांनी शिदोरी सोडली होती. त्यांचं लक्ष त्या उघड्या तोंडाकडे गेलं.

"काबरं उघडं ठेवं हाई?" त्या म्हणाल्या. "माश्या पडतीन ना!"

अक्कांच्या स्वयंपाकघरात उघडं भांडं म्हणजे पाप. दुधावर झाकण, पिठावर झाकण, माठावर तर दोन. त्यांनी केळीच्या पानाचा तुकडा फाडला आणि अगदी मायेनं त्या तोंडावर ठेवला.

पान टिकलं नाही. फाट्‌ करून उडालं आणि तेलासकट माझ्या गालावर येऊन चिकटलं.

मी ओरडलो. आबा हसले. व्यापारी हसला. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या गालावरचं पान सोलून काढलं आणि म्हणाले, "अक्का, परत ठेवा."

अक्कांनी परत ठेवलं. पान परत उडालं, या वेळी मी बाजूला झालो होतो. त्या तोंडातून निळसर धूर भकाभका यायला लागला होता.

"वरचा जाळ खाली गळतोय," मिस्त्री म्हणाले. "आतून झिजलंय हे. हवा टिकेल कुठं याच्या पोटात?"

"वारा सुटलाय हो आज!" व्यापारी म्हणाला. "आणि तरुण इंजिन आहे, जोम असणारच!"

"जोम बठ्ठा तोंडातूनच बाहेर पडी राह्यना तुमना इंजिनना," अक्का म्हणाल्या आणि भाकरी परत बांधायला लागल्या. अशा घरचं अन्न घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. भाकरी आमच्याच होत्या, ही गोष्ट वेगळी.

आबांचा चेहरा पडला. नवं गेलं म्हणून नाही. आता जुन्याची पाळी आली म्हणून. मिस्त्रींनी बाहेर उभ्या आमच्या ट्रकचं तेलाचं तोंड उघडलं, इंजिन चालू केलं आणि उरलेल्या पानाचा तुकडा अक्कांच्या हातात दिला. आबा चार पावलं लांब जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. सोयरीक मोडल्यावर मुलीचा बाप उभा राहतो तसे. त्या क्षणी मला माझ्या यंत्रज्ञानाची फार लाज वाटली आणि त्या म्हाताऱ्या इंजिनाची फार काळजी.

अक्कांनी पान ठेवलं. पान थरथरलं. एक कड उचलली गेली, परत बसली. आणि तिथंच राहिलं.

"बठ्ठा उगामुगा बसा," अक्का म्हणाल्या, खरं तर कोणी बोलतच नव्हतं. आम्ही तिघं त्या पानाकडे बघत राहिलो. ते नुसतं श्वास घेत होतं.

"आबा," मिस्त्रींनी हाक मारली, "इकडं या. म्हातारा छातीनं बरा आहे."

आबा आले. पानाकडे बघितलं, मग बॉनेटवर हात ठेवला. सकाळी गाडी चालू केली की लगेच कधी निघायचे नाहीत ते, इंजिन ऊन होईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचे. लांबून आलं की लगेच बंदही करायचे नाहीत. तेल काळं दिसलं की सणवार न बघता बदलायचे. शेजारचे ड्रायव्हर त्यावरून त्यांना सोवळ्यातले म्हणायचे. मी ते सगळं आठवून मोठ्यानं सांगायला लागलो, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "जवाईबापू, आधी गाल पुसा."

मिस्त्रींनी भरवसा दिला नाही. डोकं उघडून आत पाहू, पॅकिंग नवं टाकू, पाण्याची टाकी साफ करू, आणि हवा पेलवेल तेवढीच कोंबू, असं म्हणाले. व्यापाऱ्याकडून फक्त टर्बो आणि त्याच्या नळ्या घ्यायचं ठरलं. नवरी नाकारायची आणि तिची नथ मागायची, हा प्रकार व्यापाऱ्याला मुळीच आवडला नाही. पण अक्कांनी ते पान हातात असं धरलं होतं, की त्यानं फार ताणलं नाही.

टर्बो बसला. पहिल्यांदा शीळ वाजली तेव्हा अक्का म्हणाल्या, "या वयात शीळ घालस, शोभतं का!" पण त्या दिवसभर ट्रकच्या आसपासच घोटाळत होत्या.

दसऱ्याच्या आधीच भाऊंनी एक खेप दिली, परीक्षा म्हणून, आणि स्वतः केबिनमध्ये येऊन बसले. मी रजा टाकून मागच्या बाकावर. चोपडा, शिरपूर मागे पडलं. भाऊ वाटभर बोलत होते. भाच्याची गाडी कशी, तिचा रंग कसा, तिचे टायर कसे. आबा नुसते स्टिअरिंग घट्ट धरून होते.

सेंधव्याच्या घाटाच्या पायथ्याला, रस्त्याच्या कडेला, शेंदूर फासलेलं देवीचं ठाणं होतं. आबांच्या गाडीचा तिथला रिवाज सगळ्या लाईनला ठाऊक होता. सोबतचा माणूस चालत्या गाडीतून उतरायचा, नारळ फोडायचा, प्रसाद घ्यायचा, आणि सावकाश चालत जाऊन वरच्या वळणावर परत गाडीत चढायचा. गाडीला थांबायची गरजच नसे. थांबली तर ती परत निघेल याची खात्रीही नसे.

भाऊंनी समोरच्या कप्प्यातला नारळ उचलला. "चाला तुमी, आबा," ते दार उघडत म्हणाले. "मी देवीले नारळ फोडून येतो. तुमची गाडी कुठं पळनार हाये!"

ते उतरले. आबांनी गिअर टाकला. शीळ आली, आधी बारीक, मग रुंद. मी जन्मात त्या गाडीला घाटात बसणाऱ्याची पाठ बाकाला टेकवताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. भरल्या केळीसकट ती वर निघाली. पहिलं वळण, दुसरं. आबा पुढे झुकलेले, ओठ हलताहेत, डोळे काचेवर. पाण्याच्या तापमानाचा काटा जागच्या जागी. एक कांद्याचा ट्रक आम्ही मागे टाकला, तेव्हा आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि लहान पोरासारखे हसले.

"आबा," मी म्हणालो, "भाऊ?"

आरशात, खूप खाली, धोतराचा सोगा एका हातात आणि फुटका नारळ दुसऱ्या हातात घेऊन भाऊ धावत होते. मग वळण आलं आणि ते दिसेनासे झाले.

घाटमाथ्यावर आबांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. त्यांचा हसरा चेहरा उतरला होता. दलालालाच रस्त्यावर टाकून आलो, आता कसली केळी अन्‌ कसला दसरा, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही खाली उतरून ताडपत्रीत हात घातला. घड गार होते, हिरवे होते.

बऱ्याच वेळानं तो मागे टाकलेला कांद्याचा ट्रक धापा टाकत वर आला. फळीवर भाऊ लटकले होते. टोपी नव्हती, धोतराला शेंदूर लागला होता. आबा हात जोडून पुढे झाले, काही बोलणार, तोच भाऊंनी खाली उडी मारली, नारळाची अर्धी वाटी आबांच्या हातात कोंबली आणि भर रस्त्यात ओरडले,

"आबा, सारी केळी तुमीच न्या, पन मले मागं सोडू नका!"