मोकळ्या हातांची मालिश

आमचे मालक जीप चालवतात, घनसावंगी ते शहागड. त्या साली त्यांची झोपच उडाली होती. सासरे पोळ्याच्या आधी गेले, आणि तेव्हापासून हा माणूस गादीवर नुसता कूस बदलत राहायचा. हिवाळ्यात एकदा भरल्या गाडीत त्यांचा डोळा लागला आणि जीप कडेच्या कापसात जाऊन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर ते खेपेला निघाले की मी गाडीचा आवाज परत येईपर्यंत फाटकाशी फेऱ्या घालायची.

म्हणून मी मालिश शिकायला गेले. बचत गटाच्या खोलीत जालन्याहून एक बाई शिकवायला यायच्या. त्या म्हणायच्या, जोर नाही लावायचा, तुम्ही काय कणीक तिंबून राह्यल्या? मानेपासून खाली अंगठे हळूहळू गोल फिरवायचे. आणि एक हात उचलायच्या आधी दुसरा टेकवायचा, म्हणजे समोरच्याला आपण सोडून गेलो असं वाटत नाही. हे मला फार आवडलं. पंखा घरघरायचा, खिडकीतून कापसाचे पुंजके तरंगत यायचे, आणि आम्ही बाया एकमेकींच्या पाठीवर हात ठेवून अर्ध्या झोपेत असायचो. कोण शिकतंय आणि कोण घोरतंय ते कळायचं नाही.

पंचाईत एकच झाली. बाई म्हणाल्या, बांगड्या काढा. सगळ्या बायांनी हात पदराखाली घेतले. नवरा जिवंत असताना हात मोकळे करायचे? माझ्या शेजारची तर उठून चप्पल शोधायला लागली. शेवटी बाईंनीच नमतं घेतलं, आणि आम्ही बांगड्या कोपराकडं सारून त्यांच्यावर रुमाल बांधले.

घरी दोन खेपांच्या मधल्या दुपारी मी मालकांना लिंबाखाली बाजेवर पालथं पाडायची. तिळाचं तेल कोमट करायची. लिंबाची सावली त्यांच्या पाठीवर हलत असायची आणि मी तिच्यातूनच अंगठे फिरवायची. पाठ सैल पडायची, श्वास लांब व्हायचा, मलाही वाटायचं की आपण कुठंतरी पाण्याकाठी बसलोय. आणि नेमका तेव्हाच रुमाल सुटायचा. बांगड्या खळकन मनगटावर यायच्या की हे डोळे उघडून विचारणार, "कोण आलं?" रोज तेच. असा राग यायचा मला, वाटायचं दगडानं ठेचाव्यात मेल्या. आणि लगेच मी जीभ चावायची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात तूर निवडत हे सगळं बघायच्या. त्यांचे हात सासरे गेल्यापासून मोकळेच होते. आधी दरवर्षी दिवाळीच्या पहाटे त्या लेकाला स्वतः तेल लावायच्या, एवढा बाप्या झाला तरी. सासरे गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मात्र तेलाची वाटी माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "तूच लाव. सणासुदीला माझा हात कशाला," आणि आत जाऊन बसल्या. मी तेल लावलं, पण मालक आतल्या दाराकडंच बघत राहिले. त्या दिवसापासून तर त्यांची झोप बिलकुलच गेली, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

एका दुपारी त्यांचे डोळे नुकते मिटत होते आणि माझ्या रुमालाची गाठ पुन्हा ढिली पडली. मी उंबऱ्याकडं बघून खूण केली, या. आत्याबाईंनी मान हलवली, नको.

"मालिशला सण लागत न्हाई," मी कुजबुजले. "या जल्दी, गाठ सुटून राह्यली."

त्या आल्या. पदराला हात पुसत उभ्याच राहिल्या. पुसलेला हात पुन्हा पुसायला लागल्या. मंग मीच त्यांचा तळवा धरून मालकांच्या मानेवर टेकवला, आणि नंतर माझा हात उचलला.

त्यांना ते अंगठे-बिंगठे काही येत नव्हतं. लहान लेकराला चोळावं तसा अख्खा तळवा मानेवरून खाली जात होता, पुन्हा वर येत होता. मोकळ्या हाताचा आवाज म्हणून नव्हता. लिंबाची बारीक पानं पाठीवर पडत होती, ती त्या बोटानं बाजूला सारत होत्या. फाटकाशी दोन पाशिंजर जीप कधी निघणार म्हणून विचारायला आले, त्यांना मी हातानंच थांबवलं. मला वाटलं, मालक झोपले.

"माय," डोळे न उघडताच ते म्हणाले. "दिवाळीला कुठं गेल्ती तू?"

आत्याबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"हितंच व्हते रे."

"मंग लावायचं ना तेल," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच घोरायला लागले.

मी पाशिंजरांना दुसरी जीप बघायला सांगून आले. आत्याबाई रडत होत्या. डाव्या हातानं त्यांनी पदर तोंडात धरला होता, आणि उजवा लेकाच्या मानेवर तसाच होता.