बहिःस्थ बाई

वेल्याना कपड्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं कोटांना बाह्या जोडत होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिनं गणिताच्या पदवीला बहिःस्थ म्हणून प्रवेश घेतला. वर्षातून दोनदा आमच्या लोम गावाहून आगगाडीनं राजधानी सोफियाला जायचं, परीक्षा देऊन परत मशीनवर बसायचं. पाच वर्षांत पदवी झाली. पदवीपत्रावर ‘बहिःस्थ’ हा शब्द ठळक छापलेला होता.

मी तेव्हा आमच्या शाळेत कारकून होते. गणिताच्या जागेसाठी तिचा अर्ज मीच मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. रादोस्लावाबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “ही तर टपालानं शिकलीय! मुलांनाही पाकिटात घालूया का?”

मी हसले. वेल्याना दारातच उभी होती. माझी मान खाली गेली, पण हसून झालं होतं.

जागा एका तरुणाला मिळाली. नाताळात तो जर्मनीला निघून गेला, तेव्हा वेल्यानाला बोलावलं, तात्पुरतं. पहिल्याच पालकसभेत औषधवाले गातेव उठले. “माझ्या मुलीला शिवणकाम शिकवायचं नाहीये.”

“तिला अपूर्णांक येत नाहीत,” वेल्याना म्हणाली. “ते येऊ देत, मग मी जाते शिवायला.”

ती घरून बानित्सा, म्हणजे चीज भरलेली गोल पोळी, भाजून आणायची, तिचे तुकडे करत अपूर्णांक शिकवायची, मग मुलं ते खाऊन टाकायची. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना घेऊन बसायची. सातवीच्या परीक्षेत गातेवांची योआना जिल्ह्यात तिसरी आली.

जूनमध्ये जागा कायमची भरायची होती. वेल्याना गातेवांकडे शिफारशीच्या दोन ओळी मागायला गेली.

“तुम्ही शिकवता छान हो,” ते म्हणाले, “पण माझी सही बघून लोक काय म्हणतील?”

मी धीर करून रादोस्लावाबाईंना म्हटलं, “कायद्यानं बहिःस्थ आणि नियमित पदव्या सारख्याच आहेत.”

“कायदा पालकसभेला येत नाही, त्सोंका.”

नेमणूक दुसऱ्याच कुणाची झाली. कारखानाही बंद पडला होता. सप्टेंबरात वेल्याना इटलीला गेली, बारी शहरात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला. ती म्हातारी वारल्यावर दुसरी, मग तिसरी. अशी बारा वर्षं गेली.

परत आली ती कंबर धरून चालत. शाळेला तेव्हा गणिताला कुणीच मिळत नव्हतं. नव्या मुख्याध्यापिकांनी मला तिच्याकडे पाठवलं. तिनं कॉफी उकळायला ठेवली आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

“नको ग,” ती म्हणाली. “बारा वर्षांत मला कुणी ‘बाई’ म्हणून हाक मारली नाही. आता मारली, तर कुणाला बोलावतायत म्हणून मीच मागे वळून बघेन.”

“मुलांसाठी तरी ये.”

“मुलांसाठीच तर शिकले होते.” तिनं कप माझ्यापुढे सरकवला. “घे, गार होईल.”

त्या वर्षी सातवीला गणित व्यायामाच्या सरांनी शिकवलं.