शिट्टी झाली तेव्हा मी वाढत होते

टेकडीवरच्या मंडळींनो, दुपारपासून सगळे विचारताय, आठवी फेरी का नाही पळालीस? एकदाच सांगते.

या शर्यतीत दर तासाला शिट्टी होते. तासाच्या आत टेकडीची फेरी संपवायची आणि पुढच्या शिट्टीला चुन्याच्या गोलात उभं राहायचं. नसलात तर बाद. माझे मिस्टर मागच्या थंडीत आठ फेऱ्या पळाले होते. उन्हाळ्यात गेले. मला फक्त त्यांच्याइतक्या आठ करायच्या होत्या.

सात झाल्या. पाय ठणठणीत होते, दहा मिनिटं हातात होती. पुनावळ्याची सुनंदा भुकेनं गळून बसली होती, म्हणून तिला माझ्या डब्यातली भाकरी दिली. शेजारचे दोघं म्हणाले, "मावशी, आम्हाला पण!" चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये वाढण्यात माझी वीस वर्षं गेली. सगळ्यांना मिळाल्याशिवाय मी घास घेत नाही. चटणी वाढत होते आणि शिट्टी झाली.

सुनंदा गोलातून ओरडली, "अगं ये की! पळ!" गोल दहा पावलांवर होता. शिट्टीवाला म्हणाला, "ताई, नियम आहे."

"व्हय, ठाऊक आहे. मला शिकवू नको."

पाय थकले असते तर एवढं लागलं नसतं.

आता घरी आलेय. टोपलीत एक भाकरी आहे. पहाटे सवयीनं मिस्टरांच्या वाटणीची केली होती. बायांनो, खरं सांगा, वाढायला कुणी उरलं नाही की तुम्ही जेवता कशा?