दोन नावांची बायको

सरलावहिनींना कुठल्याही साहेबाची भीती वाटत नसे. मराठी असल्या तरी जन्म कलकत्त्यातल्या भवानीपूरचा, बंगाली शाळेत भूगोल शिकवून आवाज खणखणीत झालेला. कलकत्त्याला बदलून आलेल्या मराठी कुटुंबाचं काम कचेरीत अडलं, की त्या छत्री उचलून निघायच्याच. कोणी बोलावलं नाही तरी. मला आधी त्यांचा रागच यायचा. बाई फार नाक खुपसते, असं मी ह्यांना म्हणालेही होते.

मग बहात्तर साली माझं अपेंडिक्स सुजलं. हे तेव्हा रांचीला दौऱ्यावर. नागपूरहून भेटायला आलेल्या माझ्या भावाने मला टॅक्सीत घालून नर्सिंग होममध्ये नेलं आणि घाबऱ्याघाबऱ्या नाव सांगितलं, 'कालिंदी दिनकर आठल्ये'. कालिंदी मी माहेरची. लग्नात ह्यांनी माझं उज्ज्वला केलं आणि ऑफिसच्या दप्तरीही तेच लागलं. पण भावाच्या तोंडात उज्ज्वला कुठून येणार?

ऑपरेशनचं बिल ह्यांच्या ऑफिसने नामंजूर केलं. तिथवर एक वेळ ठीक होतं. पण वर खुलासा मागवला, की पत्नी उज्ज्वला असताना ही कालिंदी आठल्ये कोण? सरकारी नोकराला दुसरी बायको करता येत नाही; केली तर नोकरीवर पाणी सोडावं लागतं. ह्यांनी अपील केलं. नर्सिंग होमचा माणूस पैशासाठी खेटे घालत होता, पण ह्यांची झोप उडाली ती नोकरीच्या काळजीने. एक बायको सांभाळताना ज्याच्या नाकी नऊ येतात, त्याच्यावर हा आळ! मला हसू येई आणि लगेच रडूही.

सुनावणीला सरलावहिनी आमच्याबरोबर एस्प्लनेडच्या कचेरीत आल्या. ह्या वेळी मीच बोलावलं होतं. अपील ऐकणारे घोषबाबू आंबट चेहऱ्याचे. त्यांनी ह्यांना विचारलं, "लग्नात नाव बदललं, ते नोंदवलंत कुठे?"

हे पडले सरळ माणूस. म्हणाले, "ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं."

"ते तांदूळ कुठे आहेत?"

"त्यांचा... भात केला असेल, साहेब."

मी कपाळाला हात लावला. सरलावहिनी मात्र बंगालीत सुरू झाल्या. "घोषबाबू, तुमचं कागदावरचं नाव काय?"

"प्रफुल्लकुमार."

"आणि आई काय हाक मारते?"

साहेबांनी समोरची फाईल चाळायला घेतली. बंगाल्यांत प्रत्येकाला घरचं एक डाकनाम असतंच. दारातला शिपाई खाली बघून हसू दाबत होता. "पल्टू," साहेब शेवटी पुटपुटले.

"उद्या तुम्ही बेशुद्ध पडलात आणि आईने इस्पितळात पल्टू घोष सांगितलं, तर तो दुसरा माणूस धरायचा का? आमच्या बायकांचंही तसंच. एक नाव पाळण्यातलं, एक बोहल्यावरचं."

घोषबाबू चक्क हसले. भावाचं आणि सरलावहिनींचं प्रतिज्ञापत्र आणून द्या, म्हणाले, बिल मंजूर करतो आणि खुलाशाचं प्रकरणही मिटवतो.

बाहेर आल्यावर ह्यांनी फुटपाथवरच उभं राहून लागोपाठ दोन मातीचे पेले भरून चहा प्यायला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आता कोणीही कसल्याही नावाने हाक मारली असती तरी मी ओ दिली असती.

वहिनींच्या ट्रामची वाट बघताना मी सहज विचारलं, "वहिनी, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

त्या जरा थांबल्या. "श्यामला. आई गेल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारली नाही." तेवढ्यात ट्राम आली आणि छत्री सावरत त्या गर्दीतून पायरीवर चढल्याही.

"श्यामलाताई, सांभाळून!" मी ओरडले.

त्या इतक्या चटकन वळल्या की मागून चढणारा माणूस त्यांच्यावर आदळला. त्याला एरवी त्यांनी सोडलं नसतं. आज त्याच्याकडे लक्षही गेलं नाही. ट्राम वळेपर्यंत दांडा धरून माझ्याकडेच बघत राहिल्या.