हेडविगबाईंच्या कुंपणावरचा वाल

सुधाला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवरा चारुदत्त जर्मनीत बोब्लिंगेनच्या आयटी कंपनीत, लेक इरा शाळेत, आणि ही घरात जर्मन क्रियापदांशी झटत बसलेली. कंटाळून एकदा गावाबाहेर हेडविगबाईंच्या बिओ, म्हणजे सेंद्रिय, शेतावर भाजी आणायला गेली, ती तिथेच निंदणीला लागली. चारुदत्त चिडवायचा, "एमकॉम करून खुरपं धरलंस."

"अहो, तुमच्या मीटिंगांपेक्षा गाजरं बरी. निदान उगवतात तरी."

मातीत हात गेला की तिला नागोठण्याचं परस आठवायचं. मांडवावर चढलेला वाल, ओच्यात शेंगा घेऊन बसलेली आई, बिरडं सोलताना बुळबुळीत झालेली बोटं. आई गेल्यावर भावजय मीनलने घर आवरताना आईची बियाण्याची बरणी सुधाच्या हातात ठेवली होती. तो वाल तिने यंदा हेडविगबाईंना विचारून त्यांच्या कुंपणाशी लावला, सगळाच्या सगळा. काम नसलं तरी एक चक्कर मारायची, वेलांशी मराठीत बोलायची. घरी इरा प्रत्येक गोष्टीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. वेल निदान उलट बोलत नव्हते.

सप्टेंबरात तपासनीस आला. शेतात नको ते रसायन नाही अशी खात्री झाली तरच सरकारी अनुदान मिळायचं, आणि त्या अनुदानावरच हेडविगबाईंचं शेत तगून होतं. त्यांचा मुलगा तर जमीन विकायला टपलेलाच होता. तपासनीसाने वेलांकडे बोट दाखवलं, तशा हेडविगबाई कौतुकाने म्हणाल्या, "सुधाच्या आईच्या घरचं बियाणं. त्याला काही लावलेलं नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सुधा म्हणून गेली, आणि मग तिला आठवलं. आईची बरणी. दाण्यांवरची पांढरी भुकटी. बोरिक पावडर! किडे होऊ नयेत म्हणून आई तांदळाला, डाळींना, दिसेल त्याला चोळायची. त्याला रसायन कोण म्हणतं आपल्याकडे? गप्प राहिली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. पण हेडविगबाई शब्द देऊन बसल्या होत्या, आणि उद्या काही बाहेर आलं तर शेत त्यांचं जाणार होतं. तिने सांगून टाकलं.

तपासनीस भला माणूस. वेल काढा, कुंपणाजवळचा पट्टा यंदा अनुदानातून वगळतो, बाकी शेत ठीक आहे, म्हणाला आणि गेला.

वेल सुधानेच उपटले. फुलं नुकती धरली होती. आई गेली तेव्हाही ती नीट रडली नव्हती. आता मात्र आईचाच राग येऊन ढसाढसा रडली. चुलीची राख लावायची होतीस ना गं, बोरिक कशाला?

हेडविगबाई गोठ्यामागून मोठी कुंडी ढकलत घेऊन आल्या. शेवटचा वेल त्यांनी मातीसकट उचलून तिच्यात ठेवला.

"तुझ्या बाल्कनीला सरकार पैसे देतं?"

"नाही."

"मग तिथे कोण येतंय तपासायला?"

वेल जगला. थंडी पडल्यावर दिवाणखान्यात आला आणि तिथेच त्याला थोड्याशा शेंगा लागल्या. सुधाने एकही शिजवली नाही. दाणे वाळवले आणि हेडविगबाईंच्या लाकडाच्या शेगडीतली राख आणून त्यांना चोळली. आईचीच बरणी धुऊन तिच्यात ते भरले. झाकण लावून तिने ती सहज हलवली, तर नागोठण्याच्या फडताळात खुळखुळायचा तसाच वाल आत खुळखुळला. आईवरचा राग तेव्हा कुठे गेला.