एक जूनचा मोती

कुत्र्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते कुत्र्याच्या केसांसारखे पँटला चिकटून घरी येतात. मी सरकारी गुरांच्या दवाखान्यातून पट्टीबंधक म्हणून रिटायर झालो आणि आता सोलापुरात एका तरुण डॉक्टर मॅडमकडे कंपाउंडर आहे. सगळ्या भानगडींचं मूळ मॅडमनीच भिंतीवर लावलंय. एक तक्ता. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची पंधरा, दोन म्हणजे चोवीस, आणि पुढं वर्षाला चार-चार. लोकांनी म्हाताऱ्या कुत्र्यांना जपावं एवढाच बिचारीचा हेतू. पण आपल्याकडं वय कळलं की मानपान आलाच.

*

पहिला फटका हिरेमठकाकूंच्या मिस्टरांना बसला. त्यांचा ब्रूनो दहा वर्षांचा. काकूंनी तक्त्यावर बोट ठेवलं, छप्पन्न निघाले. मिस्टर चोपन्नचे.

पुढच्या खेपेला मिस्टर एकटेच ब्रूनोला घेऊन आले. तोंड पडलेलं.

"मॅडम, त्यो तक्ता काढा की. सोफ्यावर बसलो की ही म्हणती, मोठी माणसं हुबी हायेत, उठा."

मी विचारलं, "मग उठता?"

"उटतो की. ही नसली तर त्यो गुरगुरतो."

*

मग शेरूचं लग्न. शेरू दोन वर्षांचा, त्याला बार्शीच्या एका व्यापाऱ्यांची लॅब्राडॉर सांगून आली, तीन वर्षांची. बघण्याचा कार्यक्रम आमच्याच दवाखान्यात. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात शेरूच्या मालकीणबाईंची नजर तक्त्यावर गेली.

"चोवीस आन् अठ्ठावीस? मुलगी चार वर्षांनी मोठी? आमच्यात न्हाय चालत."

बार्शीकर चिडले. "आमची पोरगी शिकलेली हाय. शेकहँड करती. तुमचा काय करतो?"

शेरू तेव्हा मॅडमची चप्पल खात होता. स्थळ मोडलं.

*

टॉवेलच्या कारखान्यातल्या वाघ्याची तर थेट निवृत्तीच झाली. अकरा वर्षांचा वाघ्या, म्हणजे माणसाची साठ. मालकांनी रीतसर समारंभ ठेवला. फेटा, नारळ, चादर. मला आणि मॅडमना आमंत्रण होतं. मालक भाषणात म्हणाले, "वाघ्यानं अकरा वर्षांत एक बी चोर पकडला न्हाय, कारण एक बी आला न्हाय." टाळ्या झाल्या. वाघ्यानं फेटा फाडला.

दुसऱ्या दिवशी वाघ्या नेहमीच्या वेळेला गेटवर हजर. भेट मिळालेली चादर तोंडात धरून आणली होती, तिच्यावरच बसला. त्याच्या जागी आणलेला नवा कुत्रा भिंतीआड लपला होता. मालकांनी मला फोन केला, "मुदतवाढ दिली बगा."

*

आता अप्पा गुरुजी. दुधनीजवळच्या आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. मुलाला शाळेत घालायला आणलं की आईबाप जन्मतारीख सांगायचे, "लई पाऊस झाला तवाची." गुरुजी डोळे मिटून एक जून लिहायचे. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. माझं तर सालही त्यांनी दोन वर्षं पुढं ढकललं, त्यामुळं मी नोकरीत दोन वर्षं जास्त टिकलो.

गुरुजी आता ऐंशीचे. बायको वारल्यापासून घरात ते आणि मोती हा त्यांचा कुत्रा. गेल्या महिन्यात मोतीला लस टोचायला घेऊन आले. टेबलावर चढवायला दोघं लागलो. मॅडमनी तपासलं, छाती ऐकली, आणि वय विचारलं.

"सोळा," मी म्हणालो. मोती पिल्लू होता तेव्हापासून मला माहीत.

गुरुजी काठी टेकत तक्त्यापाशी गेले. सोळाच्या समोर ऐंशी होते. ती शेवटची ओळ. त्याखाली नुसती भिंत. गुरुजी त्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिले.

"बरोबरीचा झाला की रं माझ्या," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "याचं कार्ड हरवलंय. नवं कर."

कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धं बाहेर आलेलं दिसत होतं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडम खिशाकडं बघून हात धुवायला गेल्या.

मी नवं कार्ड घेतलं. "जन्मतारीख, गुरुजी?"

"एक जून."

"साल?"

गुरुजींनी डोळे मिटले, आणि साल सांगितलं. मी मनात मोजलं. दोन वर्षं पुढचं होतं. लिहिलं.

त्यांनी कार्ड घेतलं, माझं अक्षर तपासलं, एक वेलांटी दुरुस्त करून घेतली. मग मोतीची साखळी धरली.

"चल रं," ते मोतीला म्हणाले, "दोन वर्षं नोकरी हाय अजून."